साथनियंत्रण धोरण, बेळगाव सीमाभागातील

साथनियंत्रण धोरण, बेळगाव सीमाभागातील : साथीच्या काळात प्रवासबंदी, विलगीकरण, लसीकरण व आर्थिक मदत यांसंबंधी बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांत अंमलात आलेले शासकीय निर्णय आणि त्यांवरील राजकीय-आर्थिक वाद. अलीकडील लेखनात हा विषय कोविड-१९ पासूनच सुरू होतो. मात्र प्रवाशाला अडवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा वादाचा गाभा भाषावार प्रांतरचनेहून जुना आहे.

प्लेगकाळ : मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये गाठीचा ताप उघडकीस आल्यावर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम २ ने रेल्वेने किंवा अन्य मार्गाने जाणाऱ्या प्रवाशांची तपासणी करण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागात होते. अधिनियमाचा अंमल ब्रिटिश मुलखापुरता होता, आणि बेळगावला लागूनच असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानचे होते. पेठ व्यवहाराने एक, हुकूमत दोन. संस्थानांनी आपापले नियम केले, तरी बंदोबस्तातील ही फट कितपत भरून निघाली हे कागदपत्रांवरून जेमतेम उमगते.

पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला यांमुळे प्लेगविषयक मराठी लेखन पुण्याभोवतीच फिरत राहिले. दक्षिण विभागातील अनुभव काहीसा वेगळा होता. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार केलेली लस धारवाड, हुबळी, बेळगाव या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर टोचली गेली, आणि १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने या टोचणीच्या आकड्यांची बारकाईने छाननी केली. टोचून घेणाऱ्यास दाखला मिळे व दाखलाधारकाला अलगीकरणाच्या काही निर्बंधांतून सूट असे. काही अभ्यासक या सवलतीला अप्रत्यक्ष सक्ती म्हणतात, तर काही तिला सक्तीची जागा घेणारा व्यवहार्य तोडगा मानतात. ज्याचे पोट रोजच्या बाजारावर आहे त्याच्यासाठी ‘सूट’ आणि ‘सक्ती’ यांत फारसे अंतर उरत नाही, हे लक्षात घेता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात फार मोठी प्राणहानी झाली. सीमाभागातील धोरणाच्या दृष्टीने मात्र त्यावरचे लेखन तुटपुंजे आहे.

लस आगार : टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव बेळगावकरांच्या तोंडी आजही आहे. या लससंस्थेची उभारणी विसाव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. तेथे देवीची लस तयार होत असे. उष्णतेने लसीचा गुण घटतो, तेव्हा जागेच्या निवडीत बेळगावच्या थंड हवेचा वाटा असावा. देवी निर्मूलन मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणाऱ्या भारतातील चार केंद्रांपैकी (पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद व बेळगाव) हे एक होते.

कायद्याचा पेच : राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत (नोंद ६), आंतरराज्य स्थलांतर व आंतरराज्य क्वारंटाइन संघसूचीत (नोंद ८१), तर संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणे समवर्ती सूचीत (नोंद २९) आहे. त्यामुळे महाराष्ट्राच्या हद्दीलगत, निपाणीजवळच्या कोगनोळीच्या नाक्यावर वाहन थांबवणारा पोलीस कोणत्या नोंदीखाली उभा आहे, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. कर्नाटकाने २२ एप्रिल २०२० रोजी स्वतंत्र साथरोग अध्यादेश काढला व पुढे त्याचा अधिनियम केला. त्यात आवश्यक काळापुरत्या राज्याच्या सीमा बंद करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत आहे. १८९७ च्या अधिनियमात असा उल्लेख नव्हता. केंद्राने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा आधार घेतला होता, आणि २२ ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांना पत्र लिहून आंतरराज्य वाहतुकीवर स्थानिक निर्बंध घालू नयेत असे कळवले. तरीही फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल कर्नाटकाने बंधनकारक केला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तर लस घेतलेल्यांनाही त्यातून सूट मिळाली नाही. प्लेगकाळातील दाखल्याला जे वजन होते ते नव्या प्रमाणपत्राला या नाक्यावर मिळाले नाही.

तुलनेसाठी केरळ-कर्नाटक सीमेवरील कासरगोड-तलपाडीचे, कर्नाटकाने रस्ते बंद केल्याचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. तेथे केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी तातडीच्या उपचारांसाठी रस्ते खुले करण्यास सांगितले व पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर दोन्ही राज्यांच्या सहमतीने ते निकाली निघाले. महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याची अडचण त्याच जातीची होती. कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ असल्याने तेथील रुग्ण, भाजीवाले व विद्यार्थी बेळगावावरच विसंबून असतात.

अंमल व अर्थकारण : एप्रिल २०२० च्या आरंभी बेळगाव जिल्ह्यात पहिले रुग्ण आढळले, हिरेबागेवाडी व कुडची ही गावे लवकरच प्रतिबंधित क्षेत्रे झाली. १८ मे रोजी कर्नाटकाने महाराष्ट्रासह काही राज्यांतून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश नाकारला. पुण्या-मुंबईत कामाला असलेली खानापूर-निपाणीकडची माणसे गावी परतण्याच्या बेतात होती, त्यांना ही बंदी नेमकी आडवी आली. नंतर कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू संकेतस्थळावरील नोंदणी व संस्थात्मक विलगीकरणाच्या अटीवर वाट मोकळी झाली. निर्णय बेळगावासाठी नव्हे, साऱ्या राज्यासाठी होता, असे समर्थक म्हणतात. ते खरे आहे. झळ मात्र सर्वत्र सारखी नव्हती.

कर्नाटक सरकारच्या ६ मे २०२० च्या १,६१० कोटी रुपयांच्या मदतीत हातमाग विणकरांसाठी प्रत्येकी २,००० रुपये होते. शहापूर, वडगाव, खासबाग येथील साडीचा धंदा मुख्यतः यंत्रमागावर चालतो, त्यामुळे ‘विणकर’ या शब्दात कोण बसतो हाच वादाचा मुद्दा झाला. उद्यमबाग व मच्छे येथील फौंड्रींची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांची) ओरड कामगार व हुकलेल्या मागण्यांबद्दल होती. गोव्याला जाणारी बेळगावची भाजी टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत अडकली आणि टंचाई गोव्यातील बाजारांत दिसली.

निवडणुका : केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री व बेळगावचे खासदार सुरेश अंगडी यांचे २३ सप्टेंबर २०२० रोजी कोविडने निधन झाले. रिक्त जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट चढत असताना मतदान झाले. भाजपच्या मंगला अंगडी सुमारे पाच हजार मतांनी निवडून आल्या. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारास एक लाखाहून अधिक मते मिळाली. प्रचारसभांना मुभा आणि मतदानानंतर दहा दिवसांनी, २७ एप्रिलपासून राज्यभर कडक संचारबंदी, हा क्रम व्यापाऱ्यांच्या रोषाला कारण ठरला.

उत्तरकाळ : २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेल्या सीमादाव्यातील ८६५ गावांना देण्याचे ठरवले. आपल्या हद्दीतील नागरिकांसाठी दुसऱ्या राज्याने योजना राबवण्यास कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आक्षेप घेतला. साथीत माणसे अडवण्यावरून चाललेला वाद येथे उपचाराचा खर्च कोणी द्यावा याकडे वळला.