पाच संगणक कोसळले, सहावा नुसता थांबला

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यातून फोन आला. "सर, सगळे परत बंद पडले बघा. बटण दाबून चालू करू का?"

"अण्णा, पाच मिनिटं हात लावू नका. आधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढून पाठवा."

तिथल्या डिझाइनच्या खोलीत सहा संगणक आहेत, सगळे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे. जॅकार्डच्या मागांवर उतरणाऱ्या नक्ष्यांच्या फाइली मात्र त्यांच्यात नसतात, त्या ऑफिसातल्या सर्व्हरवर असतात. आठवडाभर रोज दुपारी पाच संगणक कोसळायचे. पुन्हा चालू केले की संध्याकाळपर्यंत नीट चालायचे. सहावा दहा-पंधरा मिनिटं गोठायचा आणि आपोआप भानावर यायचा. या सहाव्याकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

फोटोंत नक्षीचा गोठलेला पडदा दिसत होता, दुसरं काही नाही. पण कोपऱ्यातलं घड्याळ होतं. पाचही घड्याळं एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत थांबली होती. खराब मेमरी एका संगणकात असू शकते, पाच यंत्रांत एकाच वेळी बिघडत नाही. बटण दाबलं असतं तर हा पुरावा पुसला गेला असता.

संगणक असा का थांबतो, ते कळायला आधी कर्नल समजून घेऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. एखादा प्रोग्राम चुकला तर कर्नल त्याला बंद करतो आणि बाकीचं चालू राहतं. कर्नललाच पुढे जाणं धोक्याचं वाटलं, तर त्याच्या वर दाद मागायला कुणी नसतं. मग तो जागच्या जागी थांबतो. यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. त्या संदेशात 'नॉट सिंकिंग' असे शब्द असतात. मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवत नाही, असा त्यांचा अर्थ. मेमरीतच गडबड झाली असेल तर ती डिस्कवर लिहिणं म्हणजे चांगल्या फाइलींचाही नाश.

आता दुसऱ्याच्या डिस्कवरच्या फाइलींकडे वळू. सन मायक्रोसिस्टीम्सने 1984 मध्ये एनएफएस ही पद्धत आणली. दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडते. प्रोग्रामला फरक कळत नाही, ही तिची खुबी आणि तिथेच तिची अडचण. स्वतःची डिस्क सहसा लगेच उत्तर देते. तारेपलीकडचा सर्व्हर देईलच असं नाही. मग किती वेळ थांबायचं? 'हार्ड' पद्धतीने जोडलं असेल तर कितीही वेळ. कर्नल पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि नोंद करतो: 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग'. 'सॉफ्ट' पद्धतीत तो काही प्रयत्नांनंतर नाद सोडतो आणि प्रोग्रामला चूक कळवतो. वैतागलेल्या माणसाला हा उपाय सोपा वाटतो. पण अर्धी लिहिलेली नक्षी तशीच राहिली आणि प्रोग्रामने ती चूक मनावर घेतली नाही, तर बिघाड थेट चादरीवर दिसेल. म्हणून मी हार्ड बदललं नाही, आणि आजही बदलणार नाही.

वाट पाहणारं काम तोवर झोपलेलं असतं, आणि अशा काही झोपा मोडताच येत नाहीत. त्यांच्यावर नजर ठेवायला कर्नलमध्ये एक पहारेकरी आहे. एखादं काम 120 सेकंदांहून जास्त असं अडकलं की तो नोंद करतो. एरवी तेवढंच. पण 'अडकलेलं काम दिसलं की पॅनिक कर' असंही त्याला सांगून ठेवता येतं. सर्व्हरसाठीची ही सेटिंग इथल्या पाच संगणकांवरही कुणीतरी उतरवली होती. सहावा नंतर आला, म्हणून सुटला. म्हणजे कर्नल बिघडला नव्हता. त्याला दिलेला हुकूम तो पाळत होता.

तरी अडकवलं कुणी? यासाठी केडम्प लागतो. संगणक सुरू होतानाच थोडी मेमरी राखून तिथे दुसरा छोटा कर्नल तयार ठेवतात. पहिला कोसळला की दुसरा जागा होतो आणि मेलेल्याच्या मेमरीची प्रत काढून ठेवतो. नेटवर्कवरून संदेश पाठवणारं नेटकन्सोलही आहे, पण इथे संशय नेटवर्कवरच होता. म्हणून प्रत त्याच संगणकाच्या डिस्कवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत मिळाली. पहारेकऱ्याने फाइलींची यादी दाखवणाऱ्या एका साध्या प्रोग्रामचं नाव छापलं होतं. तो बिचारा एका फोल्डरच्या कुलपासाठी, म्हणजे तो फोल्डर हाताळायच्या आपल्या पाळीसाठी, रांगेत उभा होता. कुलूप धरून बसलेलं काम दुसरंच, आणि ते सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत होतं. 2008 च्या 2.6.25 आवृत्तीपासून लिनक्समध्ये सर्व्हरची वाट पाहणारी ही झोप जबरदस्तीने मोडता येते, म्हणून पहारेकरी तिला मोजत नाही. त्याच्या मागे रांगेत उभा राहिलेला मात्र पकडला जातो. छापलेल्या नावावर विसंबून चांगला प्रोग्राम काढून टाकणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा त्रास तसाच राहतो.

सहाव्या संगणकाच्या नोंदी वाचल्या. रोज 'नॉट रिस्पॉन्डिंग', मग काही मिनिटांनी 'सर्व्हर ओके'. सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींत मात्र एकदाही तक्रार नव्हती. दोघांमध्ये उरली फक्त वायर आणि नेटवर्कचा स्विच, म्हणजे संगणकांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी.

स्विच मागांच्या शेडमध्ये, पत्र्याखाली भिंतीवर. वायरमनने झाकण काढलं तर कापसाच्या तंतूंनी पंख्याची जाळी नमद्यासारखी भरली होती. बाहेर त्रेचाळीस अंश, वर तापलेला पत्रा. दुपारी स्विच गरम होऊन बंद पडायचा, जरा निवला की पुन्हा चालू.

स्विच ऑफिसात हलवला, पाच संगणकांवरची ती सेटिंग काढली, केडम्प तसाच ठेवला. जूनमध्ये अण्णांचा फोन आला तेव्हा आधी फोटो येऊन पडला होता. एकाच संगणकाचा. या वेळी खरंच मेमरीची पट्टी गेली होती.