श्यामची आई (चित्रपट, १९५३) : समीक्षा आणि नाशिकचा संदर्भ

आचार्य प्र. के. अत्रे यांनी निर्मिती व दिग्दर्शन केलेला मराठी चित्रपट. साने गुरुजींच्या याच नावाच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. त्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, यावरून या निवडीचे वजन कळते. मराठी चित्रपटाला हा मान पुन्हा मिळायला 'श्वास'पर्यंत, म्हणजे जवळपास अर्धशतक, थांबावे लागले.

पुस्तकाचा जन्म नाशिकचा. सविनय कायदेभंगाच्या काळात कारावास भोगत असताना साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले आणि १३ तारखेला हातावेगळे केले. नाशिकरोडचे ते कारागृह आजही चालू आहे आणि 'जेल रोड' हा तिथल्या लोकांच्या रोजच्या पत्त्यातला शब्द आहे. गुरुजींची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. पुस्तकाला कादंबरी म्हणण्याचा प्रघात असला तरी त्याची घडण वेगळी आहे : मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि अशा ४२ रात्रींचे हे पुस्तक आहे. सलग कथानक असे नाहीच. पटकथा करणाऱ्यापुढची खरी अडचण हीच, आणि चित्रपटावरच्या आक्षेपांचे मूळही बऱ्याच अंशी इथेच सापडते.

पुस्तकात सगळे काही श्यामच्या तोंडून येते. आई आपल्याला दिसते ती त्याच्या पश्चात्तापातून. पडद्यावर मात्र आई समोरच उभी राहते. ती भूमिका वनमाला यांनी केली. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मधली (१९४१) देखणी नायिका फाटक्या संसारातली कोकणी गृहिणी झाली आणि चित्रपटाचा तोल तिच्याकडे झुकला. श्याम झाले होते शाळकरी वयाचे माधव वझे, जे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून नावारूपाला आले. मुलाच्या घडणीची गोष्ट आईच्या सोसण्याची गोष्ट झाली, असे म्हणता येते. प्रस्तुत लेखकाला तो दोष वाटत नाही. मात्र पुस्तक वाचून आलेल्याला श्यामचा हट्ट, त्याची लबाडी आणि त्याची लाज थोडी कमी जाणवते.

तरीही एक प्रसंग दोन्हीकडे सारखाच भिडतो. आंघोळ झालेल्या श्यामला ओल्या तळव्यांना माती लागू द्यायची नसते. आई ओचे पसरते, तो त्यावर पाय टेकतो. मग ती म्हणते, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनालाही जप. पुस्तकात हे 'थोर अश्रू' या प्रकरणात येते. उपदेश उघडउघड आहे, पण तो तोलला जातो भिजलेल्या लुगड्यावर. मूल्य वस्तूतून सांगण्याची गुरुजींची ही हातोटी कॅमेऱ्याला आयतीच मिळाली.

'रडवे' हा शिक्का साने गुरुजींच्या लेखनावर फार पूर्वीपासून आहे, आणि चित्रपटालाही तो चिकटला. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात हे कुणी कौतुकाने सांगितले, कुणी तक्रारीने. अत्रे मूळचे विडंबनकार, 'झेंडूची फुले'चे कवी. त्यांनी करुणेला एवढी मोकळी वाट करून दिली, हेच मुळात लक्षणीय आहे. वसंत देसाईंचे संगीत आणि आशा भोसले यांच्या आवाजातले 'भरजरी गं पितांबर' यांनी ती करुणा घरोघर नेली. पुढे स्त्रीवादी दृष्टीने वाचणाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला : सोसणाऱ्या आईचा एवढा गौरव केला की तिच्या सोसण्याची कारणे झाकली जात नाहीत का? हा प्रश्न योग्य आहे, आणि कथेच्या थोरवीने तो मिटत नाही.

जातीच्या बाजूने होणारे वाचन नाशिकमध्ये विशेष टोकदार होते. गुरुजी इथल्या तुरुंगात लिहीत होते तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह याच शहरात चालू होता. पुस्तकातल्या एका रात्री आई श्यामला म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि परत आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. करुणा आहे, पण उंबरठा जागच्या जागी आहे. ही मर्यादा आईच्या काळाची, असे म्हणून सोडून देता येईल. पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले ते हेच साने गुरुजी. तेव्हा आईने शिकवलेल्या दयेपासून समतेच्या आग्रहापर्यंतचा मुलाचा प्रवास लक्षात घेतल्याशिवाय या प्रसंगाचे मोल ठरवू नये.

२०२३ साली सुजय डहाके यांनी हीच कथा कृष्णधवल छायाचित्रणात पुन्हा पडद्यावर आणली. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' कादंबरीवरचा चित्रपटही त्यांचाच. नव्या चित्रपटात ओम भूतकर यांनी प्रौढ साने गुरुजी आणि गौरी देशपांडे यांनी आई साकारली. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. अत्र्यांच्या चित्रपटात आई मध्यभागी होती. इथे तिची आठवण काढणारा स्वातंत्र्यसैनिकही तितकाच ठळकपणे समोर येतो.