बसऱ्याला गेलेल्या शिपायाचं थडगं का सापडत नाही

"तो बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही." जर्मनच्या लढाईबद्दल, म्हणजे पहिल्या महायुद्धाबद्दल, बऱ्याच घरांत एवढं एकच वाक्य शिल्लक राहिलंय. मग कधीतरी कुणी नातू-पणतू शोधायला बसतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, थडगं कुठे आहे? आमच्याकडेही तेच झालं. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते, फोटो नाही, पत्र नाही, ट्रंकेत तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक चांदीचा बिल्ला तेवढा. शोधता शोधता जी माहिती हाती लागली ती इथे लिहितेय, कारण थडगं न सापडण्यामागे मोठा इतिहास आहे.

बसरा म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं बंदर. ६ नोव्हेंबर १९१४ ला तिथे खाली समुद्राकाठच्या फाओला तुर्कांशी लढायला इंग्रजांची फौज उतरायला लागली ती सहावी पूना डिव्हिजन, आणि या डिव्हिजनमधे मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. त्याच महिन्यात बसरा घेतलं, मग टायग्रिसच्या काठाने वर सरकत सरकत पार बगदादच्या जवळ टेसिफोनपर्यंत गेले, नोव्हेंबर १९१५ मधे तिथे जबर मार बसला, तसेच मागे हटत टायग्रिसकाठच्याच कूट गावाला आले आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात अडकले. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. साधारण १३ हजार माणसं तुर्कांची कैदी झाली. शिपायांना उन्हातान्हात वाळवंटातून चालवत नेलं, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं, वाटेत जो पडला तो तिथेच राहिला. त्याचं थडगं कोण बांधणार होतं?

इकडे १९१७ मधे इम्पिरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं, आज त्यालाच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत, जिथे पडले तिथेच ठेवायचे, आणि हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान द्यायचा, असं तत्त्व ठरलं. हिंदू शिपायाच्या बाबतीत तर मुळात थडग्याचा प्रश्नच नव्हता, जमेल तिथे दहन व्हायचं. इंग्लंडमधे ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला, तिथे १९२१ मधे छत्री उभारली. म्हणजे आपल्या माणसासाठी खरी जागा उरते ती स्मारकाच्या भिंतीवरच्या नावाची.

आणि नेमकं तिथेच सारख्या मानाचं तत्त्व मोडलं. फ्रान्समधे न्यूव्ह शापेलला १९२७ मधे जे स्मारक झालं त्यावर ४७०० हून जास्त भारतीयांची नावं कोरलेली आहेत, साध्या शिपायाचंसुद्धा. पण १९२९ मधे बसऱ्याचं स्मारक झालं, तिथे गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, भारतीयांपैकी फक्त सुभेदार-जमादार वगैरे ऑफिसरांची नावं आहेत आणि बाकीच्यांचे पलटणीप्रमाणे नुसते आकडे. अमक्या पलटणीचे इतके शिपाई, बस्स. तीच फौज, तेच मरण, एक फ्रान्समधे पडला तर त्याचं नाव दगडावर आणि दुसरा इराकमधे पडला तर तो आकड्यात. मला हे वाचून खूप राग आला, अजून येतो. कमिशननेच २०२१ मधे स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढून मान्य केलं की ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यात भारतीय, आफ्रिकी, इजिप्तचे असे सगळे, दखल इतरांच्या बरोबरीने घेतली गेली नाही, आणि शिवाय किमान १ लाख १६ हजार जणांची नावाने नोंदच झाली नाही किंवा काहीच झाली नाही. त्यात बसऱ्याचं ते स्मारकही १९९७ मधे सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून साधारण ३२ किलोमीटर लांब नासिरियाच्या रस्त्याला नेलं.

दगडावर नसलं तरी बऱ्याच शिपायांचं नाव कमिशनच्या रजिस्टरात आहे आणि ते आता ऑनलाइन शोधता येतं. फक्त शोधायचं कसं हा प्रश्न, कारण नुसतं नाव टाकलं तर त्या नावाचे पन्नास निघतात. इथे बिल्ला कामाला येतो. चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर, रुपयाच्या नाण्याला जिथे रेघा असतात तिथे, बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्याकडे ती कड मळाने इतकी काळी झाली होती की शंभर वर्षं कुणाला तिथे अक्षरं आहेत हेच माहीत नव्हतं! पावडर-बिवडर अजिबात लावू नका, अक्षरं झिजतात, नुसतं मऊ फडकं, तिरका उजेड आणि भिंग पुरतं. चांदी म्हणून कितीतरी घरांनी हे बिल्ले सोनाराकडे मोडून टाकले, त्याबरोबर नंबरही गेला.

पलटणीचे नंबर १९२२ मधे बदलले हेही ध्यानात ठेवा, ११० वी पुढे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली, त्यामुळे घरात कुणी "तिसरी मराठा" म्हणत असेल तर जुन्या कागदात ११० शोधायचं. गावात चावडी-देवळाजवळ "या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले" असा दगड आहे का तेही बघा. साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीची ४६ माणसं त्या लढाईत कामी आली.

आम्हाला नोंद मिळाली ती नंबरवरून. मरणाची तारीख, पलटण, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं आहे, फक्त गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं स्पेलिंग केलेलं. बापाचं नाव मला काही केल्या लागेना, तीनदा मोठ्याने वाचलं तेव्हा आत्या म्हणाली, अगं हा तर आपला धोंडूआजा.