‘<<’ ते ‘@’ : ऑपरेटर ओव्हरलोडिंगची पार्श्वभूमी

१९५७च्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेतही ‘+’ पूर्णांकांना चालायचं आणि दशांशांनाही. म्हणजे एका चिन्हाला अनेक अर्थ देणं, म्हणजेच ऑपरेटर ओव्हरलोडिंग, जुनंच. अल्गोल ६८ने तो अधिकार प्रोग्रॅमरला दिला; नवं चिन्ह बनवा, त्याचा अग्रक्रमही (कोणतं चिन्ह आधी लागू होतं ते) तुम्हीच ठरवा.

बेल लॅब्समध्ये ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी घडवलेल्या सी++ने मधली वाट धरली. अर्थ बदला, पण नवं चिन्ह नाही आणि अग्रक्रमही जुनाच. छापण्यासाठी त्यांनी आधी ‘<’ आणि ‘>’चा विचार केला होता, पण ‘पेक्षा लहान’ हा अर्थ लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलेला. मग सी भाषेतलं बिट (संख्येचे ०-१ अंक) सरकवण्याचं ‘<<’ निवडलं. त्याचा अग्रक्रम ‘+’पेक्षा खाली असल्यामुळे बेरीज कंसाशिवाय छापता येते.

अडचण येते ती त्याहूनही खालच्या चिन्हांशी. हे पाहा (‘सीआउट’कडे पाठवलेलं पडद्यावर छापलं जातं):

सीआउट << (गुण >= ३५) ? "पास" : "नापास";

कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) हे बिनतक्रार स्वीकारतो, फार तर इशारा देतो. पण ‘<<’ आधी लागू होतं, म्हणून छापलं जातं १ किंवा ०, आणि ‘पास’-‘नापास’ वाया जातात. संपूर्ण अटीला कंस घातला की काम होतं. ‘&&’ (म्हणजे ‘आणि’) ओव्हरलोड करणं तर टाळावंच: मूळ ‘&&’ डावी बाजू खोटी निघाली की उजवी तपासत नाही, ओव्हरलोड केलेलं मात्र दोन्ही बाजू चालवतं. डावीकडे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा नाही ना हे पाहून उजवीकडे तो वापरला असेल, तर प्रोग्रॅम तिथेच कोसळतो.

१९९५ला आलेल्या जावाने ही सोयच काढली. ‘+’ची सवलत फक्त स्ट्रिंगला (मजकुराला). आमच्या मते हे जरा जास्तच झालं. जावाचा अचूक दशांशांसाठीचा बिगडेसिमल प्रकार वापरून व्याजाचं साधं सूत्र लिहा: ॲड, मल्टिप्लाय, डिव्हाइड यांच्या साखळीत सूत्र हरवतं आणि तपासणाऱ्याला चूक दिसत नाही.

पायथनमध्ये वाद ‘*’वरून झाला. नमपाय या गणिती लायब्ररीच्या साध्या ॲरेत (संख्यांच्या मांडणीत) ‘*’ म्हणजे घटकागणिक गुणाकार, तर त्याच्याच मॅट्रिक्स प्रकारात सारणी-गुणाकार. पहिल्या सारणीच्या ओळी (१, २) आणि (३, ४), दुसरीच्या (५, ६) आणि (७, ८) घ्या. एकीकडे उत्तर ५, १२, २१, ३२. दुसरीकडे १९, २२, ४३, ५०. चौरस सारण्या असल्यामुळे एररही येत नाही, आणि फंक्शनच्या आत बसून कुठला प्रकार आला ते नुसतं वाचून कळत नाही. सारणी-गुणाकाराचं डॉट फंक्शन वापरलं तर अर्थ स्पष्ट, पण चार-पाच गुणाकारांच्या सूत्रात कंस मोजत बसावं लागतं.

२०१४च्या पेप ४६५ या पायथन-सुधारणेच्या प्रस्तावाने सारणी-गुणाकारासाठी ‘@’ सुचवलं आणि २०१५ला पायथन ३.५मध्ये ते आलं. अग्रक्रम ‘*’इतकाच, क्रम डावीकडून उजवीकडे. पायथनच्या स्वतःच्या अंगभूत प्रकारांपैकी एकही ‘@’ वापरत नाही; ते सर्वस्वी लायब्ररींसाठी ठेवलेलं आहे.