पार्श्वभूमी : मुलं पळवणारी टोळी आणि आधीच ठरलेले संशयित

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे उतरले. एकाने लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. पोटासाठी गावोगाव फिरणं हा पिढीजात क्रम.

त्याआधी महिना-दोन महिने मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता: गल्लीत खेळणाऱ्या पोराला मोटरसायकलवाले उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कापलेला होता. त्याच जुलैत देशात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली, सर्वोच्च न्यायालयानेही झुंडबळी रोखण्यासाठी निर्देश दिले. सगळी चर्चा मोबाइलभोवती फिरली. पण टोळीचा चेहरा त्या व्हिडिओने दिला नव्हता, तो लोकांकडे आधीपासून होता.

इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, पुढे सोलापुरातल्यासारखी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. 31 ऑगस्ट 1952 ला देशभर तो कायदा गेला, त्यातून सुटलेल्या जमाती त्या विमुक्त, म्हणून तो विमुक्त दिन.

वाद आहे तो त्याच्या जोडीला काय ठेवलं यावर. जन्माची यादी काढली, पण सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे राहिले. मुंबई राज्यातला 1959 चा. त्याची बाजू घेणारे म्हणतात, यात जातीचा संबंध नाही, ठरावीक मुदतीत वारंवार शिक्षा झालेल्या माणसाचीच नोंद होते. कागदावर ते खरंच आहे. पण चोरी झाली की पहिली धाड भटक्या-विमुक्तांच्या पालावर, हा ठाण्यातला रिवाज मुदतीचा हिशेब पाहत नाही. शिक्षा होण्यासाठी आधी कुणाला उचलायचं हे तोच रिवाज ठरवत असेल, तर नोंद कुणाची होणार? कायदा सौम्य झाला, सवय तीच राहिली, असं माझं मत.

डवरी गोसाव्यांची गणना महाराष्ट्रात विमुक्तांत नाही, भटक्या जमातींत होते. तरी राईनपाड्यात ते टोळीवाले ठरले. झोळी, अनोळखी बोली आणि मुक्कामाचा ठावठिकाणा नसणं, एवढ्यावर जमावाने निकाल दिला. मारणाऱ्यांतले बरेच जण आदिवासी होते, त्यामुळे सवर्णांचा अत्याचार या ठरलेल्या चौकटीत ही घटना बसेना. बातम्यांत शब्द आला ‘गैरसमजातून हत्या’. म्हणजे समज बरोबर असता तर चाललं असतं का? हळहळ झाली ती माणसं निर्दोष निघाली म्हणून.

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, पालघरमधल्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले. तेव्हा देशभर गदारोळ उठला, धार्मिक रंग देण्याचे प्रयत्न झाले. भिक्षेकऱ्यांच्या वाट्याला एवढी चर्चा आली नव्हती.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येसाठी तीत स्वतंत्र कलम आहे. अफवेचा त्यात उल्लेख नाही. पोरं पळवणारा समजून मारलं, हे ‘तत्सम कारणा’त बसवायचं की नाही, ते खटल्यागणिक ठरेल.