दाराच्या वरची फट

आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाचं एक मोठं टेकाड आहे. वर गवत, आत दगडमातीची रास आणि तिच्या पोटात 19 मीटर लांबीची चिंचोळी वाट. ती जिथे संपते त्या दालनात माणसांची जळकी हाडं सापडली. नवाश्मयुगातलं, साधारण इ.स.पू. 3200 चं हे थडगं. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहायला तेव्हा अजून पाच-सहाशे वर्षं होती.

गंमत आहे ती दाराच्या वर. तिथे दगडी चौकटीची एक फट मुद्दाम ठेवली आहे. वाटेची जमीन आत जाताना सुमारे दोन मीटर चढते, त्यामुळे दालनाची जमीन आणि ही फट एका पातळीत येतात. दारातून आलेला उजेड चढावरच अडतो. फटीतून आलेला सरळ दालनात पोचतो, पण फक्त 21 डिसेंबरच्या आसपासच्या काही सकाळी, सूर्य अगदी दक्षिणेला उगवतो तेव्हा. (आपली संक्रांत जानेवारीत येत असली, तरी आकाशातलं उत्तरायण याच सुमाराला सुरू होतं.) आज हा किरण सूर्योदयानंतर चारेक मिनिटांनी आत शिरतो. बांधणाऱ्यांच्या काळी पृथ्वीचा अक्ष थोडा जास्त कललेला होता आणि सूर्य उगवताक्षणीच किरण आत जायचा. मग सुमारे 17 मिनिटं उजेड. पुन्हा काळोख.

दालनाचं छत सहा मीटर उंच. चुना नाही की कमान नाही, प्रत्येक थर जरासा पुढे सरकवत नेलेला. दगडांच्या सांध्यांत जळकी माती भरून गळती रोखलेली. छत आजही कोरडं आहे आणि त्या मातीतल्या कोळशानेच बांधकामाचा काळ सांगितला.

1699 साली जमीनमालकाला दगड हवे होते, म्हणून माणसं टेकाड उकरू लागली आणि वाटेचं तोंड सापडलं. पुढची दीड-दोनशे वर्षं हौशी पाहुणे आत जाऊन दगडांवर नावं कोरत राहिले. (आपले गड पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.) 1882 च्या प्राचीन स्मारक कायद्याने जागा सरकारी संरक्षणात आली. 1962 पासून मायकल ओ'केली यांनी उत्खनन केलं. सूर्य आत येतो असं गावकरी म्हणत, ते खरं का हे पाहायला ते 21 डिसेंबर 1967 ला पहाटे एकटेच दालनात जाऊन थांबले. सूर्य आला.

समोरची पांढऱ्या गारगोटीची भिंतही त्यांच्याच काळातली. दारापुढे पसरलेले गारगोटीचे दगड भिंतीतूनच कोसळले असणार, असा त्यांचा तर्क. म्हणून काँक्रीटच्या आधारावर ते उभे रचले. ते मुळात जमिनीवरच अंथरलेले असावेत, असं इतर अभ्यासक म्हणतात. शेजारच्याच नाउथच्या थडग्यापुढे ते तसेच जमिनीवर ठेवले आहेत. मला ही भिंत जरा जास्तच कोरीकरकरीत वाटते. 1993 साली युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, तेव्हा तीही आपोआप त्यात आली.