अमेरिकेतील परदेशी शिक्षक आणि कामाचा व्हिसा

अमेरिकेच्या सरकारी शाळांतील रिकाम्या जागांवर परदेशातून शिक्षक आणण्याची पद्धत. विशेष शिक्षण, गणित, विज्ञान आणि द्विभाषिक वर्ग येथे टंचाई जास्त असते. गावाकडच्या लहान स्कूल डिस्ट्रिक्टना (परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) ती अधिक जाणवते. फिलिपिन्समधून येणारे शिक्षक संख्येने मोठे आहेत, भारतातूनही बरेच जातात. नेमणुका मुख्यतः जे-१ आणि एच-१बी (पदवी लागणाऱ्या नोकऱ्यांचा तात्पुरता व्हिसा) या दोन व्हिशांवर होतात. यांतला एकही शाळांची टंचाई डोळ्यांसमोर ठेवून आखलेला नाही, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघतात.

जे-१ हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा व्हिसा. त्याला वार्षिक मर्यादा नाही, लॉटरीही नाही. पदवी, किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, इंग्रजीवर पकड आणि संबंधित राज्याच्या अटींची पूर्तता एवढे लागते. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा फॉर्म देते, मग व्हिशाची मुलाखत होते. मुदत तीन वर्षे, वाढवून जास्तीत जास्त पाच. त्यानंतर पुन्हा याच वर्गात यायचे तर दोन वर्षे अमेरिकेबाहेर काढावी लागतात. मायदेशी दोन वर्षे राहण्याचे कलम २१२(ई) हे वेगळे आहे. ते लागू असेल तर एच-१बी किंवा ग्रीन कार्डची वाटही तेवढा काळ अडते. दोन्हींची गल्लत नेहमी होते. ज्या देशांच्या नागरिकांना ठरावीक कौशल्यांमुळे हे कलम लागते, त्या कौशल्य यादीतून भारताचे नाव ९ डिसेंबर २०२४ पासून निघाल्यामुळे, सरकारी निधीवर गेलेले सोडले तर भारतीय शिक्षकांना हे कलम आता सहसा लागत नाही.

एच-१बीला वर्षाला ८५,००० ची मर्यादा आहे. विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत, शाळा नाहीत. एखाद्या विद्यापीठाशी औपचारिक संलग्नता दाखवता आली तरच सूट मिळते. नोंदणी मार्चमध्ये, निवड लॉटरीने आणि काम सुरू १ ऑक्टोबरला. शाळा मात्र ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. म्हणजे नंबर लागला तरी पहिले काही आठवडे वर्ग बदली शिक्षकाच्या हाती.

खर्चाचा प्रश्न वेगळाच. एच-१बीच्या अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च नियोक्त्यानेच करायचा असतो. मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी तो शिक्षकांच्या माथी मारला. २०११ च्या तडजोडीत सुमारे हजार शिक्षकांना ४२ लाख डॉलर परत द्यावे लागले, शिवाय दोन वर्षे नवे आणि मुदतवाढीचेही अर्ज करण्यास बंदी आली. शिक्षा शाळांना झाली. झळ मात्र, व्हिशाची मुदत संपत आलेल्या शिक्षकांनाही बसली. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लावली. नवख्या शिक्षकाच्या वर्षभराच्या पगारापेक्षा ती जास्त आहे. लहान डिस्ट्रिक्टच्या दृष्टीने हा दरवाजा बंदच.

जे-१ मध्ये फीचा भार नियोक्त्यावर टाकणारा असा नियम नाही. प्रायोजकाचे पैसे बऱ्याचदा शिक्षकच भरतो, तेही कर्ज काढून. करारावर सही करण्याआधी फी एकदाच आहे की दरवर्षी, आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळते, हे लेखी घ्यावे. एक फायदा मात्र खरा: पहिली दोन कॅलेंडर वर्षे बहुतेक जे-१ शिक्षकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठीचा) कापला जात नाही. पेरोलवाले तो सवयीने कापतात, म्हणून पहिलीच स्लिप तपासावी.

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या उमेदवारांची गाडी दोन ठिकाणी अडते. तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी बहुधा अमेरिकी पदवीच्या तोडीची धरली जात नाही, बी.एड. किंवा एम.एस्सी. जोडून मूल्यांकन करून घ्यावे लागते. ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडूनच, सीलबंद लिफाफ्यात किंवा थेट ऑनलाइन लागते; साक्षांकित मार्कशीट चालत नाही. दुसरी अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर आडनाव वेगळे आणि मधले नाव नवऱ्याचे. मूल्यांकन करणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत पहिल्याच पाकिटात घातली तर खेटे वाचतात. अध्यापनाचा परवाना राज्य देते, आणि काही ठिकाणी त्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात, जो अमेरिकेत पोचल्याशिवाय मिळत नाही. अशा वेळी राज्याकडून पात्रतेचे पत्र मागवतात.

टंचाई या मार्गाने भरून निघते, पण टिकाऊपणे नाही. विशेष शिक्षणात हे जास्त बोचते: प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा कायद्याने वर्षातून एकदा तरी तपासावा लागतो, आणि मुलाला ओळखणारा शिक्षक तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी निघून जातो. एच-१बीवर सहा वर्षे मिळतात. पुढे राहायचे तर ग्रीन कार्डची प्रक्रिया डिस्ट्रिक्टने सुरू करायची असते. महाविद्यालयीन अध्यापकांना मिळणारी सवलतीची वाट शाळेच्या शिक्षकांना नाही. जागेची रीतसर जाहिरात देऊन पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे दाखवावे लागते. भारतीयांची रांग अनेक वर्षांची असल्याने कामगार खात्याकडचा अर्ज सहावे वर्ष सुरू होण्याआधी दाखल झालेला हवा, तरच पुढे एकेक वर्षाची वाढ मिळते. मनुष्यबळ विभागाला याची आठवण शिक्षकानेच चौथ्या वर्षी करून द्यावी. जाहिराती आणि पगाराच्या दराची निश्चिती यांतच बरेच महिने जातात.